डब्यातली सहा पदकं आणि आजोबांची लढाईतली नेव्ही: आधी मागची बाजू वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुमच्या घरी माळ्यावर पत्र्याचा डबा सापडला. त्यात तीन तारे आणि तीन गोल पदकं आहेत. ताऱ्यांवर '१९३९-४५ स्टार', 'बर्मा स्टार' आणि 'पॅसिफिक स्टार' असं लिहिलंय. गोल पदकांपैकी एकावर सिंह, एकावर हिंदुस्थानचा नकाशा आणि एकावर अशोकचक्र आहे. फिती कुजल्यात. सोबत नौदलाच्या गणवेशातला एक फोटो आहे. घरात सांगतात की आजोबा 'बेंगॉल' बोटीवर होते, त्यांनी जपानी बोट बुडवली, आणि पुढे १९४६च्या नौदलाच्या बंडात गेल्यामुळे त्यांची नोकरी सुटली. त्यांचे धाकटे भाऊही 'बोटीवर' होते. पदकं कशाची, आजोबा कुठल्या बोटींवर होते, आणि घासून फ्रेम करू का, असं तुम्ही विचारलंय.

फ्रेमवाल्याकडे जाण्याआधी थोडं थांबा. पदकं कशाची हे दोन मिनिटांत सांगता येतं. खरा प्रश्न ती कुणाची हा आहे, कारण ही सहाही पदकं एका माणसाची असूच शकत नाहीत.

याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार हे दोन्ही तारे एकाच माणसाला देत नसत. दोन्हीकडची सेवा पुरी झाली असेल तर जो आधी मिळवला तो तारा, आणि दुसऱ्याच्या नावाची एक छोटी आडवी पट्टी फितीवर लावायला, असा नियम होता. दोन अख्खे तारे एका डब्यात असतील तर ते दोघांचे आहेत, किंवा एक मागाहून कुठून तरी आलेला आहे. दुसरं कारण अशोकचक्राच्या पदकाचं. ते १५ ऑगस्ट १९४७चं स्वातंत्र्य पदक आहे आणि त्या दिवशी नोकरीत असलेल्यांनाच ते मिळालं. आजोबांची नोकरी फेब्रुवारी १९४६च्या बंडात गेली असेल तर हे पदक त्यांचं नाही. पदक त्यांचं असेल तर नोकरी बंडात गेलेली नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं शक्य नाही.

याचा निकाल तुमच्याच हातात आहे. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदकं कोरी, म्हणजे नावाशिवाय दिली गेली. हिंदुस्थानी, ऑस्ट्रेलियन आणि दक्षिण आफ्रिकी सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव ठोकलेलं असतं. ताऱ्याची मागची बाजू एरवी सपाट असते, नाव तिथे सापडतं. गोल पदकावर ते जाडीच्या कडेवर असतं. हिंदुस्थानी सैनिकाच्या बाबतीत नंबर, हुद्दा, आद्याक्षरं, नाव आणि शेवटी दल असा क्रम असतो. नौदलाच्या माणसाच्या नावापुढे 'आर. आय. एन.' म्हणजे रॉयल इंडियन नेव्ही दिसायला हवं.

ऐंशी वर्षांच्या दमट हवेनंतर हे ठसे सरळ उजेडात दिसत नाहीत. पदक काळ्या कापडावर ठेवा. खोलीत अंधार करून मोबाईलची बॅटरी जवळजवळ टेबलाला टेकवून धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल. मग पदक हळूहळू फिरवा. एका ठराविक कोनात अक्षरांच्या सावल्या उठतात, तेव्हाच फोटो घ्या. गोल पदकाच्या कडेसाठी कडी वर धरून सुरुवात करा आणि थोडं थोडं फिरवत सात-आठ फोटो काढा, एका फोटोत पूर्ण ओळ मावत नाही. तरीही वाचता आलं नाही तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल अलगद फिरवा. नखाने किंवा टाचणीने खरवडू मात्र नका.

दलाच्या नावाकडे नीट लक्ष द्या. कोकणात 'बोटीवर होते' या दोन शब्दांत तीन अगदी वेगळ्या नोकऱ्या येतात. एक नौदल. दुसरी व्यापारी जहाजं, आणि कोकणातले बरेच लोक तिथेच होते. तिसरी फारशी कुणाला माहीत नसते: लष्कराच्या इंजिनिअर दलात इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट नावाची शाखा होती, म्हणजे नद्यांवरच्या लाँच, बार्ज आणि टग चालवणारे शिपाई. हे लोक लष्कराचे असत, त्यांची कागदपत्रंही लष्कराकडे असतात, आणि नौदलाच्या कचेरीत कितीही शोधलं तरी ती सापडत नाहीत. कडेवर 'आय. ई.' म्हणजे इंडियन इंजिनिअर्स दिसलं तर शोधाची दिशाच बदलते.

नावाबद्दल एक गोष्ट सांगतो, शोध बहुतेक वेळा इथेच अडतो. त्या काळच्या नोंदींत कोकणातल्या खलाशाचं आडनाव बऱ्याचदा लावलेलंच नसे. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहीत, आणि तेही लिहिणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू येईल तसं. 'गणपत राम', 'इस्माईल दाऊद' अशा धर्तीची नावं मिळतात. त्यामुळे आजच्या आडनावाने शोधून काही मिळालं नाही म्हणजे नोंदच नाही, असं समजू नका. नंबर मिळाला तर मात्र तो सोडू नका. नाव दहा तऱ्हांनी लिहिलं जातं, नंबर एकाच तऱ्हेने.

आता पदकं काय सांगतात ते पाहू. युद्धपदक हे मुळात दिवसांचा हिशोब असतो. शौर्याची पदकं वेगळी, हे तारे आणि ही गोल पदकं ठराविक भागात ठराविक दिवस काढल्याची आहेत. म्हणून नियम उलटा वाचला की माणसाच्या नोकरीबद्दल बरंच कळतं.

सिंहाचं पदक म्हणजे वॉर मेडल. सिंह दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा आहे. अठ्ठावीस दिवसांची पूर्णवेळ सेवा झाली की हे मिळे. यावरून आजोबा युद्धकाळात नोकरीत होते एवढंच कळतं.

१९३९-४५ स्टारला नौदलात लढाईच्या क्षेत्रात सहा महिने, म्हणजे १८० दिवस, बोटीवर काढावे लागत. काळ ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ असा धरला जातो. मृत्यू, जखमी होऊन नोकरी सुटणं किंवा शौर्याबद्दल उल्लेख असेल तर दिवसांची अट सुटते, एरवी नाही. म्हणजे हा तारा ज्याचा, तो माणूस नुसता डॉकयार्डात किंवा ट्रेनिंगच्या जागेत नव्हता, समुद्रावर गेला होता.

बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळाचा आहे. नौदलासाठी त्याचं क्षेत्र म्हणजे बंगालचा उपसागर. त्याची हद्द सिलोनच्या दक्षिण टोकापासून ३०० मैल खाली, तिथून सुमात्राच्या दक्षिण टोकाच्या पश्चिमेला ३०० मैलांवरच्या बिंदूपर्यंत आणि मग सुंदा सामुद्रधुनीपर्यंत. मलाक्काची सामुद्रधुनीही त्यात येते. महत्त्वाची गोष्ट अशी की नौदलाच्या माणसाला आधी १९३९-४५ स्टारचे सहा महिने पुरे करावे लागत आणि त्यानंतरच बर्मा स्टारसाठीची सेवा मोजली जाई. शेवटच्या सहा महिन्यांत क्षेत्रात उतरलेल्यांना सूट होती, पण त्यांना मग पहिला तारा मिळत नसे. तुमच्याकडे दोन्ही आहेत. ते एकाच नावाचे निघाले तर साधा नियम लागू झाला असं धरायला हरकत नाही.

नकाशाचं पदक म्हणजे इंडिया सर्व्हिस मेडल. ते १९४६मध्ये जाहीर झालं. मायदेशात तीन वर्षं लढाईबाहेरची नोकरी केलेल्या हिंदुस्थानी सैनिकांसाठी ते होतं. घरोघरी याच पदकाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, पण हिशोबाला ते फार उपयोगी पडतं. बघा कसं. तीन वर्षं किनाऱ्यावर, शिवाय सहा महिने लढाईच्या क्षेत्रात समुद्रावर, आणि वर बर्मा स्टारचा निदान एक दिवस. युद्ध संपलं २ सप्टेंबर १९४५ला. तिथून साडेतीन वर्षं मागे मोजली की मार्च १९४२ची सुरुवात येते. म्हणजे ही तीन पदकं एकाच माणसाची असतील तर तो उशिरात उशिरा मार्च १९४२च्या पहिल्या दोन-चार दिवसांत भरती झालेला असणार, एरवी हिशोब बसत नाही. कागदाचा एकही तुकडा हाती नसताना भरतीचं वर्ष इतकं आवळता येतं. त्या माणसाने युद्धातली निदान तीन वर्षं लढाईच्या क्षेत्रातल्या बोटीवर काढलेली नाहीत, हेही त्याच पदकातून कळतं. यात कमीपणा मानू नका. ट्रेनिंग, डॉकयार्ड, सिग्नल स्टेशन, बंदराचा पहारा हे सगळं त्या तीन वर्षांत येतं.

आता 'बेंगॉल'. ती लढाई खरी आहे आणि तिचा अभिमान बाळगावा अशीच आहे. एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) बेंगॉल ही सिडनीत बांधलेली छोटी कॉर्व्हेट, म्हणजे काफिल्यांना सोबत देणारी लहान युद्धनौका होती. ११ नोव्हेंबर १९४२ला ती 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाला सोबत देत ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे चालली होती. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला त्यांना 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू' या दोन जपानी सशस्त्र जहाजांनी गाठलं. दोन्ही बेंगॉलपेक्षा कितीतरी मोठी आणि कितीतरी जास्त तोफांची होती. त्यातली होकोकू मारू बुडाली, बेंगॉल आणि ओंडिना दोघीही वाचल्या.

पण ही लढाई कुठे झाली ते नकाशावर पाहा. ती जागा बर्मा स्टारच्या हद्दीच्या बरीच दक्षिणेला आहे. पॅसिफिक स्टारची हिंदी महासागरातली हद्द सिंगापूरच्या सरळ दक्षिणेला उतरून, सुमात्राला वळसा घालून, ख्रिसमस बेटावरून ११० पूर्व रेखांशाने खाली जाते आणि त्या रेषेच्या पूर्वेकडचं पाणी धरते. लढाईची जागा तिच्याही बरीच पश्चिमेला पडते. म्हणजे बेंगॉलची ती लढाई यांपैकी कुठल्याच ताऱ्यात मोजली जात नाही, तिचे दिवस फक्त १९३९-४५ स्टारमध्ये जमा होतात. त्यामुळे 'बर्मा स्टार आहे म्हणजे बेंगॉलवर होते' असं म्हणता येत नाही, आणि 'बर्मा स्टार आहे म्हणजे बेंगॉलवर नव्हते' असंही नाही.

'जपानी बोट बुडवली' एवढंच वाक्य घरात टिकलं असेल आणि बोटीचं नाव नंतर कुणी जोडलं असेल, तर दुसरी एक शक्यता जास्त जवळची वाटते. ११ फेब्रुवारी १९४४ला विशाखापट्टणमजवळ एचएमआयएस जमना आणि ऑस्ट्रेलियाच्या इप्सविच व लाँसेस्टन या तीन बोटींनी मिळून 'आरओ-११०' ही जपानी पाणबुडी बुडवली. त्या वेळी त्या कोलंबोहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या काफिल्याला सोबत करत होत्या. ही जागा सरळसरळ बर्मा स्टारच्या हद्दीत आहे. शिवाय जानेवारी १९४५मध्ये जमना आणि नर्मदा ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावरच्या चढायांत होत्या. आजोबा जमनावर होते असा याचा अर्थ नाही. एका बोटीचं नाव ठरवून शोध घेतलात तर दुसरीकडे डोळेझाक होते, एवढ्यासाठी हे सांगितलं.

फोटोतल्या टोपीच्या पट्टीवर नुसतं 'एचएमआयएस' आहे आणि बोटीचं नाव नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलंय. युद्धकाळात तसंच असे, शत्रूला बोटीचा पत्ता लागू नये म्हणून नाव काढून टाकलं होतं. म्हणजे फोटो युद्धकाळातला आहे, बोट कुठली ते त्यावरून कळणार नाही. त्याऐवजी बाह्या पाहा. डाव्या बाहीवर नांगर असेल तर लीडिंग सीमन. त्याखाली उलट्या टोकाच्या पट्ट्या असतील तर त्या चांगल्या वर्तणुकीच्या असतात, हुद्द्याच्या नव्हेत. लष्करातल्या लान्स नाईक-नाईकच्या सवयीने लोक त्यांना हुद्दा समजतात आणि तिथेच चुकतात. उजव्या बाहीवर कामाची खूण असते: बोटीचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) असेल तर स्टोकर म्हणजे इंजिनाकडचा, एकमेकांवर दोन निशाणं असतील तर निशाणांनी इशारे देणारा सिग्नलमन, पंख आणि वीज असेल तर तारायंत्राचा. ही खूण कळली की कुठल्या ट्रेनिंगच्या जागेत नाव शोधायचं तेही कळतं.

खरा उलगडा होईल तो सर्व्हिस सर्टिफिकेटवरून. घडी घातलेला, जाड कागदाचा, रकान्यांचा लांबट दस्त असतो. बोटीचं नाव, हुद्दा, कधीपासून, कधीपर्यंत, आणि दर वर्षअखेरीचा वर्तणुकीचा शेरा असे रकाने. शेऱ्यात 'व्ही. जी.' म्हणजे व्हेरी गुड. हा कागद डब्यात नसेल तर जुन्या पोथ्यांत, देवाच्या फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यात, जमिनीच्या कागदांच्या गाठोड्यात शोधा.

तो मिळाला की घाईत एक चूक होते. बोटीच्या रकान्यात 'डलहौसी', 'तलवार', 'मछलीमार', 'हिमालय', 'अकबर' अशी नावं ओळीने दिसतात आणि घरचे म्हणतात, बघा, किती बोटींवर होते. यांतली एकही बोट नव्हे. नौदलात किनाऱ्यावरच्या तळालाही बोटीसारखंच नाव असतं. डलहौसी मुंबईच्या गोदीतला डेपो, तलवार कुलाब्याची सिग्नल शाळा, मछलीमार वेसाव्याची पाणबुडीविरोधी शाळा, हिमालय कराचीची तोफखान्याची शाळा, अकबर ठाण्याचं ट्रेनिंग सेंटर, वालसुरा जामनगरची टॉर्पेडो शाळा, शिवाजी लोणावळ्याची इंजिनिअरिंगची शाळा. ही सगळी वर्षं नकाशाच्या पदकात जमा होणारी.

उलट चूकही तेवढीच होते. मोटार लाँच आणि लँडिंग क्राफ्ट (किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या बोटी) इतक्या लहान असत की त्यांच्या लोकांची हजेरी तळाच्या नावावर ठेवत. अराकानच्या खाड्यांत रात्री-अपरात्री लाँचवर असलेल्या माणसाच्या कागदावर नुसतं तळाचं नाव दिसतं आणि घरचे समजतात की तो किनाऱ्यावरच होता. तळाच्या नावापुढे कंसात काही आकडा किंवा 'एम. एल.' म्हणजे मोटार लाँच असं असेल तर तीच खरी बोट. बर्मा स्टार आहे आणि कागदावर एकाही मोठ्या बोटीचं नाव नाही, असं दिसलं तर मी आधी लाँच आणि लँडिंग क्राफ्टच्याच शक्यतेकडे वळतो.

कागद घरात नसेल तर भारतीय नौदलाच्या खलाशांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये आहे, ब्यूरो ऑफ सेलर्स. अर्ज साध्या शब्दांत लिहा: नंबर, पदकावर जसं आहे तसंच नाव, त्याखाली घरात वापरायचं पूर्ण नाव, बापाचं नाव, जन्मवर्ष, गाव, तालुका, जिल्हा. सोबत आजोबांचा मृत्यूचा दाखला, तुमचं नातं दाखवणारे कागद आणि पदकांचे फोटो जोडा. आजी जिवंत असताना पेन्शन येत असेल तर पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, शोधा, त्यावरून फाईल लवकर सापडते. पेन्शन नव्हती म्हणून नोकरी खोटी ठरत नाही. फक्त युद्धापुरते भरती झालेले हजारो लोक १९४६मध्ये पेन्शनविना घरी पाठवले गेले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज गेला तर पाठपुरावा सोपा पडतो. उत्तरच आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे, पण पहिलं पाऊल म्हणून तो टाकू नका. वारस म्हणून सरळ मागितलेली माहिती देताना आडकाठी कमी येते.

पत्ता लिहिताना त्या काळचा भूगोल वापरा. १९८१पूर्वी सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, मालवण-वेंगुर्ला सगळं रत्नागिरीतच होतं. रायगडला कुलाबा म्हणत. मुरूड जंजिऱ्यात आणि सावंतवाडी आपल्या संस्थानात होती. भावाची भरती दुसऱ्या तालुक्यातून, आजोळच्या पत्त्यावर झाली असेल तर जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव असू शकतं.

बंडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घराघरांत ही हकीकत मनापासून जपलेली असते. १८ फेब्रुवारी १९४६ला तलवारवर सुरुवात झाली, २३ तारखेला शरणागती झाली. त्यात हजारो खलाशी सामील होते, नोकरीवरून काढले गेले ते शेकड्यांत. म्हणजे बंडात असूनही नोकरी टिकली, असेच लोक जास्त. त्याच वर्षी युद्ध संपलं म्हणून मोठ्या संख्येने लोक घरी पाठवले जात होते, आणि पुढे घरच्यांच्या आठवणीत या दोन गोष्टी एक झाल्या. तेव्हा १९४७चं पदक आजोबांच्या नावाचं निघालं तर ते बंडात नव्हते असा अर्थ काढू नका, नोकरी त्यामुळे गेली नाही एवढाच अर्थ घ्या. सर्टिफिकेटच्या शेवटच्या ओळीत नोकरी संपल्याचं कारण असतं. 'रिलीज' आणि 'डिसमिस' हे दोन शब्द अगदी वेगळे आहेत, तेवढी ओळ नीट वाचा. काढून टाकल्याची नोंद निघाली तर तो कागद जपून ठेवा. त्या काळात तो कलंक मानला गेला, आज तो पुरावा आहे.

आता धाकटे भाऊ. पॅसिफिक स्टार त्यांचा असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते, पण ती मागच्या नावावर ठरेल. तिथे 'आर. आय. एन.' असेल तर जानेवारी-फेब्रुवारी १९४२चं सिंगापूर आणि जावाकडचं पाणी पहिल्यांदा तपासा, तेव्हा आपल्या नौदलाच्या जमना, सतलज अशा बोटी तिकडे होत्या. तारा कोरा असेल तर व्यापारी जहाजाची शक्यता वाढते, कारण ब्रिटनकडून व्यापारी खलाशांना मिळालेल्या पदकांवर नाव नसतं. मग पदकं बाजूला ठेवून त्यांची नळी शोधा. जहाजी लोक ज्याला नळी म्हणायचे तो डिस्चार्जचा दाखला, त्यात प्रत्येक सफरीचं जहाज आणि तारखा असतात. जहाजाचं नाव मिळालं की लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये व्यापारी जहाजांच्या हालचालींची कार्डं 'बीटी ३८९' या क्रमांकाखाली आहेत, त्यावरून जहाज कधी कुठल्या बंदरात होतं ते कळतं. 'बीटी ३९५' ही पदकांची यादी आहे, पण ज्यांनी पदकासाठी अर्ज केला त्यांचीच. तिथे नाव नसेल तर पदक मिळण्याजोगी सेवा नव्हती, असं म्हणता येत नाही. ते भाऊ समुद्रावरच वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर नाव शोधा. समुद्रावर मृत्यू आलेल्या आणि कबर नसलेल्या हिंदुस्थानी खलाशांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारकांच्या नोंदवहीत आहेत.

शेवटी साफसफाई आणि फ्रेम. पितांबरी, चिंच-मीठ, ब्रासो, टूथपेस्ट, राख यांतलं काहीही लावू नका. नावाचे ठसे केसाएवढे उथळ असतात. पाच वेळा घासलं की ते पुसट होतात आणि त्यासोबत वरचा सगळा शोधही संपतो. तारे पितळी छटेच्या धातूचे आहेत, ते काळपट तपकिरी दिसणारच, तो रंग त्यांचं रक्षणच करतो. धूळ आणि चिकटपणा असेल तर कोमट डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, मग स्वच्छ पाणी, आणि लगेच सुती कापडाने टिपून दिवसभर पंख्याखाली. हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर बांबूच्या टोकदार काडीने अलगद काढा, लोखंडी सुई नको.

कुजलेल्या फिती फेकण्याआधी डबा पांढऱ्या कागदावर उपडा करा. तळाच्या चुऱ्यात कांस्याचं एखादं ओकचं पान आहे का बघा, जेमतेम बोटाच्या पेराएवढं. ते असेल तर लष्करी खलित्यात, म्हणजे वरिष्ठांच्या अधिकृत अहवालात, नाव आल्याची ती खूण आहे, वॉर मेडलच्या फितीवर लावायची. मग लंडन गॅझेटमध्ये नाव शोधायलाच हवं, ते नेटवर फुकट पाहता येतं. 'पॅसिफिक' किंवा 'बर्मा' लिहिलेली एखादी आडवी पट्टीही तिथे सापडू शकते. फितीच्या चिंध्याही ठेवून द्या, रंग ओळखायला त्याच उपयोगी पडतात.

नवीन फिती ३२ मिलिमीटर रुंदीच्या, प्रत्येक पदकाला साधारण पंधरा सेंटिमीटर. कॅन्टोन्मेंट भागातल्या लष्करी सामानाच्या दुकानांत मिळतात. १९३९-४५ स्टारची फीत गडद निळा, लाल, फिका निळा अशा तीन समान पट्ट्यांची असते. ती उलटी लावणं ही नेहमीची चूक. गडद निळा रंग नौदलाचा, तो समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. बर्मा स्टारची फीत मध्ये रुंद लाल, दोन्ही कडांना गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ अशी. क्रम समोरून पाहताना डावीकडून १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल. पॅसिफिक स्टार आणि १९४७चं पदक कुणाचं ते ठरेपर्यंत त्या फ्रेममध्ये घालू नका. एकदा काचेमागे एकत्र बसली की पुढच्या पिढीला ती एकाच माणसाची वाटणार, आणि धाकट्या भावाचं नाव घरातून कायमचं जाईल.

तोवर पदकं वर्तमानपत्रात, रबर बँडमध्ये किंवा मऊ प्लास्टिकच्या चकचकीत पाकिटात ठेवू नका, त्या प्लास्टिकमुळे धातूवर हिरवा चिकट थर धरतो. प्रत्येक पदक वेगळ्या साध्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला. प्रत्येक कापडासोबत एक चिठ्ठी ठेवा: मागे किंवा कडेवर जे वाचलंत ते, जसंच्या तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट. नंबर आणि नाव वाचून झालं की इथे फक्त हुद्दा, दलाची अक्षरं आणि फोटोतल्या बाहीच्या खुणा लिहा. नंबर उघड्यावर टाकायची गरज नाही. तेवढ्यावरून मानखुर्दच्या अर्जात नेमकं काय मागायचं ते सांगता येईल.